व्हॉल्व्हचं दुसरं चाक

विद्यानगर, हैदराबाद
९ फेब्रुवारी २०२५

काका, नमस्कार.

आई म्हणाली साष्टांग लिही. पण मी टेबलावर वाकून ज्या अवस्थेत लिहितेय ती साष्टांगाच्या जवळपासच आहे असं समजा. मराठीत एवढं लांब काही लिहायची शाळेनंतरची ही पहिलीच वेळ. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, व्हॉट्सॅपची अक्षरं दिसत नाहीत आणि तुमच्या लेकाकडे, रितेशदादाकडे, निरोप दिला की तो तुमच्यापर्यंत पोचेतो निम्मा सांडतो. तेव्हा पत्र.

तुमच्या फ्लॅटमध्ये आम्ही नीट आहोत. खुब्याच्या ऑपरेशननंतर आई आता वॉकर घेऊन हॉलपर्यंत येते. तिसरा मजला आणि लिफ्ट बंद, त्यामुळे दवाखान्यातून आल्यापासून ती एकदाही खाली उतरलेली नाही. जेवणाची काळजी करू नका. तळमजल्यावरच्या भाग्यलक्ष्मी आंटी विद्यार्थ्यांचे डबे करतात, त्यातलाच एक रोज स्वतः वर आणून देतात. आईच्या डब्यात तिखट कमी. पैसे काढले की हात मागे घेतात. "तुम्ही नामदेवगारूंच्या घरची माणसं," म्हणतात. तुमचं नाव आदराच्या 'गारू'शिवाय घेत नाहीत.

आता माझं रडगाणं. माझ्या पीएच.डी.चा विषय तुम्हाला ठाऊक आहे: एक देश दुसऱ्या देशाला अणुबॉम्ब बनवायला मदत का करतो. रशियानं चीनला बरीच मदत केली आणि ऐन वेळी हात काढून घेतला. फ्रान्सनं इस्रायलला अणुभट्टी दिली. चीननं पाकिस्तानला दिलं आणि तिथून ते आणखी कुठे कुठे गेलं. प्रत्येक ठिकाणी मी 'का' विचारते आणि प्रत्येक ठिकाणी वेगळंच उत्तर येतं. पैशासाठी, मैत्रीखातर, तिसऱ्याची जिरवायला, नाहीतर कुणा एका माणसाच्या मनात आलं म्हणून. माझ्या गाइड मॅडम म्हणतात, एवढी कारणं म्हणजे एकही नाही. जूनपर्यंत एक कारण घेऊन ये, नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढून टाक. ते काढलं तर मागे उरतात प्रस्तावना आणि आभार.

तुम्हाला हे का सांगतेय? परवा सोसायटीचे सेक्रेटरी अभिजीत वर आले होते. ते मूळ पुण्याचे, आयटीतले, बोलायला फार गोड. माझा विषय ऐकून म्हणाले, "मग बाहेर कशाला बघतेस? तुझ्या काकांनी जाताना खालच्या बाईंच्या हातात बॉम्ब देऊन ठेवलाय." आणि हसले. मीही हसले, पण मला काही कळलं नाही. आईला विचारलं तर म्हणते, काकांनाच विचार.

काय दिलंत तुम्ही आंटींना?

तुमची,
तन्वी


पुणे
२० फेब्रुवारी २०२५

चि. तन्वी,

आशीर्वाद आहेतच, ते दर खेपेला लिहून शाई घालवत नाही. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. पण वाचलं बराबर.

बॉम्ब कायचा, चाक दिलंय मी. ऐक. नळाचं पाणी अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीत पडतं. मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. गच्चीवरून प्रत्येक घराला वेगळा पाइप आणि प्रत्येक पाइपाला वेगळा कॉक. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरीच्या खिशात. म्हणजे तो वर जाऊन एकाच घराचं पाणी तोडू शकतो, बाकीच्यांना पत्ता लागत नाही. अभिजीत सेक्रेटरी झाला आणि त्यानं हेच आरंभलं. मीटिंगमध्ये कुणी तोंड वर करून बोललं की दुसऱ्या दिवशी त्याचा नळ कोरडा. भाग्यलक्ष्मीचा तर पिच्छाच पुरवला. राहत्या इमारतीत डब्यांचा धंदा नक्को म्हणे. नवरा गेल्यावर त्या बाईनं दोन लेकी ह्याच चुलीवर शिकवल्या, उजवल्या, आणि ह्याला फोडणीचा ठसका लागतो. पाण्याशिवाय तिचा स्वैपाक कसा व्हावा? ती घर सोडायच्या बेताला आली होती.

मी सारा जन्म रेल्वेच्या वर्कशॉपात काढला. खालच्या टाकीतून वर जाणाऱ्या लोखंडी पाइपाला मोटरपाशी एक जुना व्हॉल्व्ह आहे. तो बंद केला की साऱ्या बिल्डिंगीचं पाणी बंद. बंद करणाराचंही. मी त्याच्या दांड्याचं डोकं कानशीनं घासून त्यात माझ्या मापाची खाच पाडली आणि त्या खाचेत बसेल असं चाक तयार केलं. दुसरं चाक बसत नाही. पान्यानं जोर केला तर दांडा मोडेल, आणि मोडला तर भिंतीतला सगळा पाइप वरपर्यंत बदलावा लागेल. तेवढा खर्च करायला आपल्या बिल्डिंगीतला एक माणूस तयार व्हायचा नाही, ह्याची मला खात्री होती.

ते चाक मी भाग्यलक्ष्मीला दिलं आणि कसं फिरवायचं ते शिकवलं. तिनं एकदाच, एक दिवस बंद करून दाखवलं. त्यानंतर तिच्या नळाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. ते चाक तिच्याकडं आहे तोवर तिची चूल पेटती आहे, एवढं समज.

का दिलं विचारतेस तर अन्याय बघवेना म्हणून. झालं एक कारण. दे नेऊन तुझ्या मॅडमला.

नामदेवकाका


विद्यानगर
८ मार्च २०२५

काका,

तुमचं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती हसत होती आणि मला घाम फुटला, कारण तुम्ही माझं प्रकरणच लिहून पाठवलं होतंत. एका बाजूला मोठा, त्याच्या हातात सगळ्यांची नाडी. दुसरीकडे लहान. आणि तिसरा कुणीतरी येऊन लहानाच्या हातात असं काही देतो की वापरलं तर दोघंही बुडतील.

पण 'अन्याय' मॅडमना चालायचा नाही. रागावू नका, मी हिशोब घातला. अभिजीत सेक्रेटरी झाल्यावरही तुम्ही चांगली तीन वर्षं त्या घरात राहिलात. तेव्हा अन्याय बघवत होता. चाक दिलंत कधी? रितेशदादानं तुमचं पुण्याचं तिकीट काढल्यावर. आंटींनी व्हॉल्व्ह बंद केला त्या दिवशी तुम्ही पुण्यात आंघोळ करत होता.

मी जे वाचतेय त्यात हेच येतं. ज्याच्या अंगणात त्याची झळ पोचणार असते तो सहसा देत नाही. ज्याला झळ नाही तो देतो. त्याचं काही जात नाही आणि तिसऱ्याचे हात बांधले जातात. मला वाटलं, सापडलं कारण. फ्रान्स इस्रायलपासून लांब, बसलं. रशिया चीनला लागून, म्हणून त्यानं मध्येच हात काढला, तेही बसलं. मग चीन आणि पाकिस्तानपाशी आले. ते तर शेजारी. आता म्हणावं लागतं की शेजारी असले तरी चीनला पाकिस्तानची भीती नाही, भीती आपल्याला आहे. म्हणजे अंतर मैलांत मोजायचं नसतं. मग कशात मोजायचं? इथे माझी गाडी रुतते.

आईचं बरं आहे म्हणवत नाही. फिजिओथेरपीवाली म्हणते, घरातल्या घरात चालून पाय सुधारणार नाही, मोकळ्यावर चालवा. लिफ्टचं नाव काढलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

तन्वी


पुणे
१९ मार्च २०२५

तन्वी,

तुझा बाप माझा चुलतभाऊ, पण कोर्टात असल्यागत बोलायचा. तो गेला आणि वकिली तुझ्यात ठेवून गेला. पत्र वाचून डोकं तापलं. रितेशला म्हटलं, पोरगी मला विचारते की तुम्ही पळून जाताना काडी लावली काय. तो म्हणतो, बरोबरच विचारते. घरचाच माणूस उलटला.

हौ, तिकीट काढल्यावर दिलं. आता का ते ऐक. त्या तीन वर्षांत तुझी काकू अंथरुणाला खिळलेली होती. तिचं धुणं, पुसणं, सगळं पाण्यावर. घरात असा रोगी असताना मी कुणाच्या हाती असलं हत्यार देऊ? ती गेली आणि मग मला कशाचं भय राहिलं नाही. म्हणजे तुझंच खरं झालं की काय, मला झळ नव्हती म्हणून दिलं? असं मी तेव्हा मनात म्हटलं नव्हतं, देवाशपथ. मला भाग्यलक्ष्मीच दिसत होती. काकूच्या आजारपणात तिनं आमच्या घरी डबा पोचवला, तेही मनात असेल.

आणि लपवायचं कशाला, एका मीटिंगमध्ये अभिजीत मला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "अंकल, तुमचा जमाना गेला." मी उठून घरी आलो. पण कानस घासताना ते वाक्य आठवत होतं. कानस लई जोरात चालली.

मला आजवर वाटत होतं कारण एकच आहे. तू विचारलंस आणि आता तीनचार झालीत, त्यातलं खरं कुठलं ते मलाच उमगेना. कायकू विचारत बसतेस गं, निवांत होतो मी.

एक आणखी सांगतो. वर्कशॉपची रीत अशी की कुठलाही भाग एकटा बनवत नाहीत, जोड बनवतात, एक लावायला आणि एक ठेवायला. त्या चाकाचा जोड माझ्याकडं इथं कपाटात आहे. हे फक्त भाग्यलक्ष्मीला ठाऊक आहे, आणि आता तुला. कुणाला बोलू नकोस.

तुझ्या आईला म्हणावं, वैशाली, भिंत धरून का होईना, चालत राहा.

काका


विद्यानगर
२ एप्रिल २०२५

काका,

तुम्हाला बेजार केलं, माफ करा. तुमचं काकूंबद्दलचं वाचताना आई डोळे पुसत होती.

उन्हाळा सुरू झालाय. आई दुपारभर खिडकीपाशी बसून खालच्या कडुनिंबाकडे बघत असते. काल मला म्हणाली, "मी आता खाली उतरेन ती चौघांच्या खांद्यावरच." गंमत म्हणून म्हणाली, पण मला ते सहन झालं नाही.

अभिजीत परत आले होते. वाटतात तितके वाईट नाहीत. तासभर बसले, माझं काम नीट विचारलं, मॅडमसुद्धा एवढं विचारत नाहीत. म्हणाले, लिफ्टसाठी सगळ्यांनी पैसे काढायला हवेत, पण ज्या बिल्डिंगीचं पाणी एका बाईच्या मनावर आहे तिच्यात पैसा कोण घालणार? मला ते पटलंही आणि नाहीही. माझ्या पुस्तकांत असे मोठे विद्वान आहेत जे म्हणतात, एकाकडेच असलं की धास्ती, दोघांकडे असलं की शांतता, कारण मग कुणीच वापरत नाही. याच्या बरोबर उलट म्हणणारेही तितकेच मोठे विद्वान आहेत. मी सकाळी एकाचं वाचते, संध्याकाळी दुसऱ्याचं.

एक मागणं आहे. तुमच्याकडचं दुसरं चाक इथे पाठवाल का? आपल्या घरात असू दे. उद्या आंटी लेकीकडे गेल्या, त्यांचं चाक कुठे हरवलं, आणि व्हॉल्व्ह तसाच बंद राहिला तर? आईची अवस्था अशी. तुम्हीच लिहिलंत, घरात रोगी असला की माणूस वेगळा विचार करतो.

रितेशदादा या महिन्यात ऑफिसच्या कामाला हैदराबादला येणार आहे ना?

तन्वी


पुणे
१२ एप्रिल २०२५

तन्वी,

रितेशबरोबर चाक देतोय. जुन्या धोतरात गुंडाळलंय, तेल लावलंय, कपड्याला लागू देऊ नकोस.

देऊ की नको, लई विचार केला. कपाटातून काढलं, परत ठेवलं. मग मनाशी म्हटलं, आपल्याच घरची पोर, तिच्या आईसाठी मागते, तिला नाही म्हणायचं तर कुणाला हो म्हणायचं? पण एक अट. ते तुझ्याच घरात राहील. कुणाला द्यायचं नाही, दाखवायचं नाही, बोलायचंही नाही. अगदी गळ्याशी आलं तर तूच खाली जाऊन व्हॉल्व्ह उघडायचास आणि चाक परत वर आणायचंस. दुसऱ्याकडं जोड आहे हे कळलं की भाग्यलक्ष्मीच्या चाकाला काही अर्थ राहात नाही. तिनं बंद करायचं आणि त्यानं उघडायचं, मग तिला कोण भितो?

अट घालताना मलाच हसू आलं. आपल्या देशालाही कॅनडानं एक अणुभट्टी दिली होती, शांततेच्या कामाला म्हणून. मी तेव्हा वर्कशॉपात नवा. चौऱ्याहत्तरला पोखरणला धमाका झाला तशी आम्ही पेढे वाटले. पलीकडं देणाऱ्याला काय वाटलं असेल, हे माझ्या तरी मनात आलं नाही. पेढा गोड होता.

तर अट लक्षात ठेव. पोचल्याचं कळव.

काका


विद्यानगर
२८ एप्रिल २०२५

काका,

चाक पोचलं. रितेशदादा चहा पिऊन गेला, त्याचं वजन वाढलंय, त्याला बोला.

एक चांगली बातमी. लिफ्टचा माणूस आला होता, मोजमाप घेऊन गेला. मोटर बदलावी लागेल म्हणाला. अभिजीत म्हणतात पावसाळ्याच्या आत होईल. आईनं लगेच मला तिच्या चपला शोधायला लावल्या. एक सापडली.

मॅडम परगावी आहेत, त्यामुळे प्रकरणाचं तूर्त कुणी विचारत नाही. आंटींचा डबा दोन दिवस आला नाही, त्यांना बरं नसावं. मी खिचडी टाकते.

सध्या कामाची घाई आहे, म्हणून पत्र लहान.

तन्वी


पुणे
२४ मे २०२५

तन्वी,

तुला मी मध्ये एक पत्र टाकलं, त्याला उत्तर नाही. लिफ्ट झाली का, वैशाली उतरली का, काही कळेना. रितेशला फोन लावायला सांगितलं तर तू म्हणालीस सगळं ठीक आहे, नंतर लिहिते.

काल कुरिअर आलं. आत चाक. मी आधी म्हटलं तूच परत पाठवलंस. पण मी दिलेल्या चाकाच्या कडेला कानशीचा एक ओरखडा आहे, ह्याला नाही. म्हणजे हे भाग्यलक्ष्मीचं. सोबत चिठ्ठी नाही, दोन ओळी नाहीत. पाठवणाराचा पत्ता हनमकोंड्याचा, तिथं तिची बहीण असते.

मला काहीच समजेना. ती बिल्डिंग सोडून गेली का? गेली तर मला न सांगता कशी गेली? आणि चाक परत कशाला, माझ्या तोंडावर फेकल्यागत? मी तिचं काय वाईट केलं? सकाळपासून हे टेबलावर ठेवून बसलोय. सून म्हणते, बाबा, हे काय आहे, कपाटात ठेवू का. तिला काय सांगू?

तुझ्याकडचं चाक तुझ्याकडंच आहे ना? एवढं एक लिही. बाकी नंतर.

काका


विद्यानगर
५ जून २०२५

काका,

माझ्याकडे नाही. मी ते अभिजीतना दिलं.

रितेशदादा आला त्याच्या दुसऱ्या दिवशीच दिलं. म्हणजे तुमच्याकडून मागतानाच माझ्या मनात ते होतं. आईसाठी म्हणून मागितलं ते खोटं नव्हतं, पण घरात ठेवणार म्हटलं ते खोटं होतं. जोड आहे हे मीच अभिजीतना बोलून गेले होते, गप्पांच्या ओघात, माझ्या प्रबंधातलं उदाहरण म्हणून. ते म्हणाले, मला वापरायचं नाही, नुसतं बरोबरीला असू दे, मग मी मीटिंगमध्ये लिफ्टचा ठराव पास करून घेतो. मी त्यांच्याकडून शब्द घेतला की आंटींच्या नळाला हात लावणार नाहीत. त्यांनी लगेच दिला. मला वाटलं, दोघांकडे असलं की दोघंही गप्प बसतील. पुस्तकात तसं होतं, आणि मला ते इतकं नीट कळल्यासारखं वाटत होतं.

आठवडाही गेला नाही आणि आंटींचा नळ कोरडा. त्यांनी खालचा व्हॉल्व्ह बंद केला. तासाभरात अभिजीत खाली गेले, सगळ्यांच्या देखत खिशातून चाक काढलं आणि उघडला. आंटी तिथेच उभ्या होत्या. मी जिन्यात होते. त्यांनी चाकाकडे बघितलं, अभिजीतकडे बघितलं आणि घरात गेल्या.

मग काही दिवस त्यांनी पाण्याचे कॅन विकत आणून डबे केले. त्यातलाही एक आईला आला, काका. विकतच्या पाण्यातला. मी तो उघडला, आईला वाढला आणि तेव्हाही बोलले नाही. नंतर त्यांनी विद्यार्थ्यांना डबे बंद म्हणून सांगितलं, भांडी बांधली आणि बहिणीकडे गेल्या. जाताना वर आल्या होत्या. आईचा हात धरून रडल्या आणि म्हणाल्या, "नामदेवगारूंनी असं करायला नको होतं." जोड तुमच्याकडे आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं ना, म्हणून. त्यांना वाटतंय तुम्हीच अभिजीतला दिलंत. मी तिथे उभी होते. आई माझ्याकडे बघत होती. मी पाण्याचा ग्लास आणायला आत गेले.

लिफ्ट झालेली नाही. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, आता धोका टळलाय, घाई कशाला.

तुम्ही काहीही बोला.

तन्वी


पुणे
१४ जून २०२५

तन्वी,

काय बोलू? एवढ्या वर्षांत ती बाई मला एकदाही वाईट शब्द बोलली नाही, आणि आता ती बहिणीच्या घरी बसून म्हणत असेल, म्हातारा फितूर झाला. तिचं घर गेलं ते आहेच. पण तिचा माझ्यावरचा विश्वास गेला हे मला लागलं, आणि असं लागावं ह्याचीही लाज वाटते, कारण चूल तिची विझली आहे, माझी नाही.

तुला शिव्या घालायला कागद घेतला होता. मग वाटलं, मी कोण? मीही चाक दिलं तेव्हा लांब बसून दिलं. ती एकटी खाली उभी राहिली, मी नाही. वर जोडही ठेवून घेतला, कायकू ठेवला देव जाणे. तिला एकच द्यायचं आणि दुसरं भंगारात टाकायचं, हे मला सुचलं नाही. वर्कशॉपची सवय म्हणतो मी, पण कदाचित माझ्याही मनात असेल की तिनं फारच केलं तर आपल्या हाती काहीतरी असावं. बघ, आणखी एक कारण निघालं.

मी तिला पत्र लिहू शकतो. पण मी लिहिलं तर म्हातारा पुतणीवर ढकलतो असं होईल. तू जा. फोनवर नको. बसनं जा, समोर बस आणि सांग.

काका


विद्यानगर
२९ जून २०२५

काका,

काल जाऊन आले.

आईला आधी सांगितलं. तिला अंदाज होताच. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. पण निघताना म्हणाली, त्यांचा डबा मोकळा नेऊ नकोस, आणि वॉकर टेकून उभं राहून तिनं स्वतः पुरणपोळ्या केल्या. मी लाटू का विचारलं तर नको म्हणाली.

आंटींच्या बहिणीचं घर लहान आहे. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागे आंटींची मोठी पातेली एकावर एक रचलेली, त्यांवर चादर. त्या गवार मोडत बसल्या होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला, काका, ते सगळ्यात वाईट होतं. "अम्मा कैसी है, चलती क्या?" असं विचारत त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मी ग्लास हातात धरून सगळं सांगितलं. तुम्ही दिलं नाही, मी दिलं. तुमच्याकडून खोटं बोलून घेतलं आणि दिलं. मध्ये थांबले असते तर पुढे बोलवलं नसतं, म्हणून भराभर सांगितलं.

त्यांची गवार मोडायची थांबली. मग त्यांनी एवढंच विचारलं, "कायकू, बेटा?"

रागानं नाही. खरंच कळत नसल्यासारखं.

काका, मी तोंड उघडलं. आईच्या लिफ्टसाठी म्हणणार होते, पण त्याच आईला त्यांनी इतके महिने जेवू घातलं होतं. दोघांकडे असलं की शांतता राहील असं वाटलं, हे म्हणणार होते. ते त्या पातेल्यांसमोर म्हणवेना. अभिजीत माझ्याशी मोठ्या विद्वानाशी बोलावं तसं बोलले आणि मी फुगले, हेही असेल. आंटींच्या हातातलं ते चाक मला कुठेतरी खुपत होतं का? तेही असेल, मला माहीत नाही. एकेक घेऊन बघितलं आणि एकही त्यांच्यापुढे ठेवण्यासारखं नव्हतं. त्या थांबल्या होत्या, उत्तर येईल म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझी चार वर्षं याच एका प्रश्नावर गेली आहेत.

मॅडमना आज फोन करून सांगून टाकलं की प्रकरण काढून टाकते. त्या म्हणाल्या, नीट विचार कर. मी म्हटलं, करते.

आंटींनी मला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. त्यांनी स्वतः वाढलं, पण माझ्याबरोबर बसल्या नाहीत. पुरणपोळ्यांचा डबा त्यांनी ठेवून घेतला आणि आईसाठी काही दिलं नाही. परत येणार का असं विचारायचं माझ्यात बळ नव्हतं. बहिणीच्या बोलण्यावरून वाटलं की फ्लॅटला गिऱ्हाईक बघताहेत. कोण घेतंय ते विचारलं नाही. मला वाटतं मला ठाऊक आहे.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "नामदेवगारूंना लिही. दोन महिने मी त्यांना रोज शिव्या दिल्या. सगळ्या वापस घेतल्या म्हणावं."

मी विचारलं, "आणि मला?"

त्यांनी जरा विचार केला. म्हणाल्या, "तुला द्यायला आधी मला समजू दे ना, तू कायकू केलं ते."

तन्वी